तोंडाची वाफ

हंबीरराव चौगल्यांना चहाला बोलवायचं म्हटलं की घरच्या बाईला घाम फुटायचा. हा पाहुणा बैठकीत बसतच नसे. सरळ स्वयंपाकघरात शिरून गॅस किती मोठा आहे, पातेल्यावर झाकण आहे का, कुकर कुठल्या बाजूनं फुसफुसतोय, हे सगळं बघून झाल्यावरच चहाला तोंड लावणार. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली, नवरी तयार, आणि तिला मांडवात आणणारे मामाच गायब. शोधाशोध केली तेव्हा हे मागं आचाऱ्याशी भांडत होते. रश्श्याची कढई उघडी कशी ठेवली म्हणून!

गडमुडशिंगीजवळ विजयसिंहांची दूध डेअरी होती. तिथला बॉयलर आणि दूध गार करणारी यंत्रं हंबीररावांच्या ताब्यात होती. उष्णता वाया गेलेली त्यांना बघवतच नसे, तसा पोटातनं कळवळायचा माणूस. वाफेच्या एका थेंबालाही ते वाट देत नसत. अपवाद एकच, स्वतःचं तोंड. ते एकदा सुरू झालं की डेअरीतल्या म्हशीवाल्यांपासून मालकांपर्यंत सगळ्यांना काहीतरी तातडीचं काम आठवायचं. त्यांची बायको चिमणाबाई तर भाकरी थापता थापता म्हणायची, "अवो, कशाला तोंडाची वाफ दवडालाय?" आणि ते अजून जोरात सांगायला लागायचे.

याच तोंडाच्या जोरावर त्यांनी एक मोठं काम मात्र केलं होतं. दूध गार करायचं म्हणजे त्यातली ऊब काढून घ्यायची. ती काढलेली ऊब डेअरीच्या छतावरून नुसतीच आभाळात जायची. दोन वर्षं हंबीरराव मालकांच्या मागं लागले, की आपण काय आभाळाला शेक द्यायला बसलोय का? शेवटी कंटाळून विजयसिंहांनी एक यंत्र आणलं. त्यानं ती ऊब पाण्यात धरायची, ते पाणी टाकीत साठवायचं आणि तेच बॉयलरला द्यायचं. आयतंच तापलेलं पाणी मिळालं की बॉयलरला जळण कमी. टाकीतलं पाणी कायम साठ अंशांवर राहील, असं हंबीररावांनी छातीवर हात मारून सांगितलं होतं.

दिवसभर ते राहायचंही. सकाळी मात्र चाळिशीत यायचं.

दोन वर्षं हे असंच चाललं. यंदा दिवाळी झाल्यावर विजयसिंहांनी हंबीररावांना बोलावलं आणि पहिल्यांदाच त्यांना बोलू न देता स्वतः बोलले. "आण्णा, पुनवेपातूर सकाळचं पाणी साठवर दिसलं न्हाय, तर यंत्र भंगारात आणि तुमी गारगोटीच्या दूध संकलनाला. तितं बॉयलर न्हाय. बोलायला मान्सं बी कमीच हाईत."

हंबीरराव हादरले. बॉयलर नसलेल्या जागी आपण काय करणार, नुसती म्हशींची फॅट मोजत बसणार? घरी येऊन त्यांनी सगळं चिमणाबाईला सांगितलं. पण सुरुवात केली ती उष्णता म्हणजे काय इथपासून. गारगोटीचं नाव आलं तेव्हा चिमणाबाई कधीच शेजारच्या बायडाबाईच्या दारात शेंगा सोलायला गेली होती.

आता कोणीतरी गरम पाणी चोरतंय हे उघड होतं. टाकीतनं गरम पाणी बाहेर गेलं की तितकंच गार पाणी आपोआप आत यायचं, म्हणून तर आकडा घसरायचा. पण चोर मोठा बेरकी. हंबीरराव सकाळी आंघोळ करून, गंध लावून कामावर येईपर्यंत तो हात मारून पसार झालेला असायचा. त्यांनी पाइपांना हात लावून बघितलं, व्हॉल्व्ह तपासले, फिटर खिजरला टाकीवर चढवलं.

"काय दिसतंय रं?"

"कोल्हापूर दिसतंय, आण्णा."

"गळती दिसती का बघ की!"

"न्हाय बा," खिजर म्हणाला आणि उगाच पाना चाचपत दुसरीकडं बघायला लागला.

शेवटी हंबीररावांनी निर्धार केला, की चोर सापडेपर्यंत आंघोळ बंद. उजाडायच्या आधीच ते टाकीजवळ जाऊन दबा धरून बसले. त्या दिवशी पाणी साठावरून हललं नाही. "बघा, चोर घाबरला!" असं ते सगळ्यांना सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी जरा निर्धास्त होऊन आंघोळ करून आले, तर पाणी परत चाळिशीत. मग लागोपाठ तीन दिवस बिनआंघोळीचे पहाऱ्याला, आणि पाणी तिन्ही दिवस झक्क साठवर. हंबीररावांचा पहारा असा जबरदस्त, की चोर काय, माणसंही जवळ येईनात. विजयसिंह रुमाल नाकाला लावून लांबनंच म्हणाले, "जोरात हाय काम, आण्णा."

खिजर तेवढा धीर करून जवळ आला. "आण्णा, तुमी आंघूळ करू नकासा. डेअरी वाचंल."

हंबीररावांनी त्याला शाबासकी दिली. पोरगा निष्ठेनं बोलतोय, असं त्यांना वाटलं.

पौर्णिमेची पहाट झाली. चिमणाबाईला नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं होतं. बिनआंघोळीच्या नवऱ्याला घेऊन देवाच्या दारात जाणार नाही, असं तिनं बजावलं आणि त्यांना हाताला धरून न्हाणीत ढकललं. बादली भरलेली होती आणि नेहमीसारख्या वाफा येत होत्या.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी, डेअरीत यंत्र बसलं त्याच सुमाराला, हंबीररावांनी घरातला तांब्याचा बंब भंगारवाल्याला देऊन टाकला होता. निम्मी ऊब धुराड्यातनं जाते, असलं पाप घरात नको, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेऊन त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून डेअरीच्या भिंतीला लागून असलेल्या क्वार्टरमधल्या आठही घरांत दिवे लागले होते. आठवडाभरात पाणी गरम मिळायला लागलं. कसं, म्हणून विचारलं तर चिमणाबाई म्हणाली, "हंडा उनात ठेवते की." हंबीररावांचा ऊर भरून आला होता. आपल्या घराला आंघोळीला काडीचं जळण लागत नाही, सगळं सूर्यनारायण बघतो, हे त्यांनी डेअरीभर सांगितलं होतं.

तांब्या बुडवता बुडवता त्यांनी सवयीनं सदऱ्याच्या खिशातला थर्मामीटर काढून बादलीत धरला. अठ्ठावन्न. वा! त्यांनी कौतुकानं झरोक्यातनं वर पाहिलं.

बाहेर अंधार होता. सूर्यनारायण अजून उठायचे होते.

कंबरेला पंचा गुंडाळून हंबीरराव तसेच बाहेर आले. "हे पाणी कशानं तापलंय?"

"उनानं."

"कुठलं ऊन? अजून उजाडायचंय!"

"कालचं," चिमणाबाई म्हणाली.

"आनि पावसाळ्यात?"

चिमणाबाईनं पदर सारखा केला. मग एकदम उसळून म्हणाली, "तुमाला गार पानी सोसंना, बंब तुमीच घालवला, मग मी काय करू? खिजरला सांगून भितीपल्याडनं नळी घेतली. आपल्या एकट्याला कशी घ्यायची, म्हनून आठी घरांला दिली. तुमी न्हानीत शिरायच्या आदी मी कॉक सोडते, कामावर गेला की बंद करते. तुमी टाकीपाशी बसला, मग म्या कॉकला हात लावला न्हाय."

म्हणजे उष्णतेचा थेंब न् थेंब राखणारे हंबीरराव दोन वर्षं चोरीच्या पाण्यानं न्हाऊन, गंध लावून चोर शोधायला जात होते! ते ओट्यावर मटकन बसले. राग यावा तर कुणाचा? या बाईनं सगळं केलं होतं ते त्यांची आरोळी ऐकवेना म्हणून.

"अगं, मालक मला गारगोटीला धाडालेत," ते हळूच म्हणाले. "आजच्या आज."

"आन् हे मला आदी सांगाय काय झालंतं?"

"सांगितलंतं की!"

"कवा?"

हंबीरराव पंचा सारखा करायला लागले. चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनंच पळत जाऊन खिजरला उठवून आणलं, आणि उजाडायच्या आत नळी कापून तोंड बुजवलं. आठही घरांतल्या बाया रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या. बायडाबाईनं तर पुढं महिनाभर हंबीररावांना चहा विचारला नाही.

विजयसिंह आले तेव्हा पाणी साठवर होतं. पुढच्या दिवशीही. त्याच्या पुढच्याही.

"सापडली म्हना गळती," मालक म्हणाले. "कुठं होती?"

डेअरीतली माणसं हळूहळू मागं सरकायला लागली. आता दोन तासांचं भाषण ठरलेलं. खिजरनं डोळे मिटून घेतले.

"आतल्या बाजूला होती, साहेब," हंबीरराव म्हणाले. "बुजवली."

आणि गप्प बसले. विजयसिंह वाट बघत राहिले, पण पुढं काही आलं नाही. एवढं मोठं काम करून हा माणूस एवढंच बोलतो, हे बघून मालकांना भडभडून आलं. गारगोटी तर बाजूलाच राहिली, उलट सत्कार ठरला. शाल, श्रीफळ आणि एक मोठं खोकं. ज्यानं डेअरीचं पाणी तापवलं त्याच्या घरी गार पाणी शोभत नाही, असं भाषण करून मालकांनी स्वतःच्या हातानं खोकं उघडलं. आत विजेवरचा गिझर होता. चिमणाबाईनं तोंडाला पदर लावला, तो घरी येईपर्यंत काढला नाही.

गिझर माळ्यावर आहे. शाल त्याच्यावरच पांघरलेली आहे, दोन्ही झाकलेली बरी म्हणून. इतकी वीज खाणारं यंत्र लावायला हंबीररावांचा हात धजत नाही, आणि पुन्हा नळी घ्यायचं नाव चिमणाबाई काढत नाही.

थंडीत आता क्वार्टरमध्ये कुणी गजर लावत नाही. साडेसहाला न्हाणीतनं पहिली आरोळी येते, मग दुसरी, मग सूर्यनारायणापासून खिजरपर्यंत सगळ्यांचा उद्धार. चिमणाबाई टॉवेल घेऊन दारात उभी राहते. आत हंबीरराव कुडकुडत असतात आणि त्यांच्या तोंडातनं भसाभसा पांढऱ्या वाफा निघत असतात.

"बघा की," ती म्हणते. "किती दवडालाय."

तेवढ्यापुरते हंबीरराव झटकन तोंड मिटतात.