पद्माबाईंनी घेतलेला फोन

घरच्या माणसांचा ठावठिकाणा फोनवर सांगायचा नाही, हा जगदेवराव शिर्क्यांचा जन्माचा नियम. नौदलाच्या गुप्तवार्ता खात्यातून निवृत्त होऊन बडोद्याला हरणीत राहिलेला माणूस, त्याला हे शिकवायला नको. पण बायकोला हा नियम कधी समजावलाच नाही, आणि नेमकं तिथंच घोडं पेंड खातं!

कारगिल पेटलं होतं. मुलगा मयंक युद्धनौकेवर. जगदेवराव अंघोळीला गेले नि फोन वाजला. पलीकडून अस्सल गुजरातीत, "केम छो भाभी?" पद्माबाईंना वाटलं, बडोद्यातल्याच पाणीगेटचा कुणी जुना ओळखीचा असेल. झालं, बाईंनी मन मोकळं केलं. पोराची रजा रद्द झाली, मंगळवारी जहाज घाईघाईनं द्वारकेच्या बाजूला गेलं, तेव्हापासून घास उतरत नाही, सगळं सांगून टाकलं.

जगदेवराव अंघोळ आटोपून आले, फोन घेतला. आवाज ओळखला. युसुफ! कराचीचा मेमन, म्हणजे घरची बोली गुजरातीच; पाकिस्तानी नौदलात ह्यांच्याच कामावर होता. तरुणपणी दोघं विलायतेत एका कोर्सला होते, थंडीत कुडकुडत गुजरातीत गप्पा मारायचे. एकाहत्तरात युसुफ कैदी होऊन समोर आला. जगदेवरावांनी त्याला चहा पाजला, नुकत्याच झालेल्या मुलीची चौकशी केली आणि गोड बोलून त्याच्या जहाजांची माहिती काढून घेतली. शाबासकीही मिळवली.

"मी दुबईला मुलीकडे आलोय," युसुफ म्हणाला. "लढाईचं ऐकून तुझ्या पोराची काळजी वाटली. भाभी सगळं बोलून गेल्या. मी कुणाला सांगणार नाही. पण जगदेव, तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस."

फोन बंद झाला. विश्वास ठेवावा तर पोराचा जीव टांगणीला, कळवावं तर ह्या भल्या माणसामागे चौकशीचा ससेमिरा. पद्माबाई विचारत होत्या, कोण हो हे, किती मायेनं बोलले.

जगदेवरावांनी मुंबईच्या कचेरीत फोन लावला. जहाजाचं माझ्याच तोंडून गेलं, म्हणाले; बायकोचं नाव काढलं नाही. कुणापाशी, ते तिकडून विचारलं. त्यांनी युसुफचं नाव सांगितलं. दुबईत कुणाकडे उतरलाय, तेही विचारलं.

युसुफच्या मुलीचं नाव त्यांना एकाहत्तरातल्या त्या चहापासून पाठ होतं. तेही त्यांनी सांगितलं, आणि फोन ठेवून तिथंच ढसाढसा रडले.