समोरच्याला दिलेला सिलिंडर

टॅक्सवर मी रोज चिडते. तेलाचा डबा आला की चिडते, घरपट्टीचा कागद आला की चिडते. पण टॅक्सनं कधी माझ्या हॉटेलात बसून, माझा चहा पिऊन मला शब्द दिला नव्हता. तो समोरच्या हॉटेलवाल्यानं दिला होता.

नागभीडच्या स्टेशनरोडवर आमचं भोजनालय आहे. नवरा भट्टीवर, मी गल्ल्यावर. भात, वरण, भाजी, पोळ्या, कांदा. पण लोक येतात ते भातासाठी. धानाच्या मुलखातलं गिऱ्हाईक मोजून वाढलेला भात खपवून घेत नाही. पोळी मोजा, भाजी मोजा, भात मात्र जेवणारा "बस" म्हणेपर्यंत वाढायचा. सासऱ्यांनी हॉटेल टाकलं तेव्हापासून ही रीत. राइस मिलमधले एक म्हातारे हमाल रोज दुपारी येतात. पहिला भात संपला की मान वर न करता नुसती बोटं हलवतात, की मी वाढते. इतक्या वर्षांत आमचं याहून जास्त बोलणं झालेलं नाही.

हा भात हळूहळू परवडेनासा झाला. डाळ वाढली, तेल वाढलं. घरच्या लाल सिलिंडरपेक्षा आमच्या मोठ्या निळ्या सिलिंडरवर टॅक्स जास्त. आमच्यासारख्या छोट्या हॉटेलांना ताटावरचा जीएसटी बिलात लावता येत नाही, आपल्याच खिशातून भरावा लागतो. लोकांना हे सांगून पटत नाही. त्यांना वाटतं आम्ही त्यांच्याकडून घेतो आणि दाबून ठेवतो. आणि त्यांना तरी कशाला बोलू? त्यांच्या घरचं तेलही महागच झालंय. रोज जेवणारे मास्तर आता बाजाराच्या दिवशीच येतात, एरवी डबा आणतात.

नवरा म्हणाला, "भाताले वाटी लावू. एक वाटी ताटात, दुसरीचे वेगळे पैसे."

"हॉटेल बंद करीन, पण वाटी नाई लावणार," मी म्हटलं.

मग उरलं भाव वाढवणं. एकट्यानं वाढवला की गिऱ्हाईक समोर जाणार, हे कळायला फार अक्कल लागत नाही. म्हणून रोडवरचे आम्ही सगळे हॉटेलवाले एकदा बसलो, आमच्याच बाकड्यांवर. पुढाकार समोरच्या भाऊंचाच. त्यांच्याशी आमचं घरोब्याचं होतं. मार्कंड्याच्या जत्रेत दरवर्षी दोघांचा मिळून एक मंडप. भजी त्यांची, भात आमचा. त्यांच्याकडे विरजण नसलं तर इथून जायचं, आमच्याकडे सिलिंडर संपला तर तिथून यायचा. त्या दिवशी ते म्हणाले, "येत्या सोमवारपासून सगळ्यांचा एकच भाव. कोणी मागं हटाचं नाई. बाई, तुम्ही बिनधास्त बोर्ड रंगवा."

मी बिनधास्त रंगवला. रविवारी पेंटर बोलावून, लाल रंगात, चांगला मोठा.

सोमवारी सकाळी मी झाडझूड करत होते तेव्हा भाऊ रस्ता ओलांडून आले. "बाई, गॅसची गाडी आली नाई. एक सिलिंडर देता का?"

माझं माहेर सिंदेवाहीकडच्या खेड्यातलं. तिथं विस्तव मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नसे. भांडण असलं तर बोलायचं नाही, पण निखारा द्यायचा. सिलिंडर म्हणजे आताचा विस्तवच. आमच्याकडे भरलेला एकच शिल्लक होता. मी म्हटलं, "न्या ना भाऊ, विचारता काऊन?" नवऱ्यानं तो स्वतः रस्त्यापलीकडे नेऊन दिला.

दुपारी रेल्वेगाडी आली, उतारू उतरले, आणि आमच्या दारावरून पुढं गेले. मला वाटलं, आज गर्दी कमी असेल. मग हमालबाबा दिसले. ते दारात थांबले, बोर्डाकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले. "बाई, समोर जुनाच भाव हाय. मले नाई परवडत हे." एवढं सांगून तेही गेले. माझ्यावर उपकार केल्यासारखे नव्हे, अपराध्यासारखे गेले.

मी गल्ला उघडा टाकून समोर गेले. सगळी बाकडी भरलेली. भट्टीखाली आमचा सिलिंडर, त्याच्या कड्याला आमच्या खुणेची हिरवी चिंधी. माझ्याच गॅसवर त्यांचा जुन्या भावाचा भात रटरटत होता.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

त्यांनी झारा खाली ठेवला नाही. "बाई, तुमची जागा घरची हाय. मले भाडं हाय, पोरीची फी हाय. एक महिना मले गिऱ्हाईक जमवू द्या, मग मीबी वाढवतो."

"मग बोर्ड रंगवाले काऊन सांगितलं?"

त्यांनी कुणाला तरी भात वाढला. मला वाटलं होतं मी भांडेन, हात धरून त्यांना रस्त्यावर आणेन. पण रडूच आलं, आणि त्याचा मला आणखी राग आला. बाकीच्यांनीही त्यांचं बघून बोर्ड रंगवलाच नाही. मूर्ख ठरले ती मीच.

संध्याकाळी गॅसची गाडी आल्यावर भाऊंनी भरलेला सिलिंडर परत आणून ठेवला. चिंधीसकट. त्या बाबतीत माणूस पक्का होता, आणि तेच मला सगळ्यात जास्त झोंबलं.

आठवडाभरात आम्ही बोर्डावर जुना भाव लिहिला आणि वाटी आणली. स्टीलची, उथळ. मी नवऱ्याला म्हटलं, बोलू नकोस. हमालबाबा परत आले, पहिला भात संपवला, बोटं हलवली. मी वाटी पुढं केली आणि म्हटलं, "बाबा, आता दुसऱ्याचे वेगळे पैसे पडतात." त्यांची बोटं थांबली. त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतले.

समोर अजून जुनाच भाव आहे. महिना केव्हाच उलटला. यंदाच्या जत्रेत मंडप एकट्या भाऊंचा होता.

परवा सकाळी ते रस्ता ओलांडून आले. मागच्या वेळेसारखेच, हात पुसत. "बाई, गाडी आली नाई. एक सिलिंडर..."

भरलेला सिलिंडर माझ्या मागंच भिंतीला टेकून उभा होता. त्यांना दिसत होता. त्यांना दिसतोय, हे मलाही दिसत होतं.

"नाई भाऊ," मी म्हटलं. "आमच्याकडे नाई."