पातूरच्या फाट्यावरचा लाल दिवा

"मॅडम, अंडे टिचून राहिले न लाइन गेली!"

शोभाताईंचा आवाज इतका मोठा होता की समोर बसलेल्या लाइनमन गजाननभाऊंनाही फोनमधून ऐकू गेला.

पातूरजवळ शोभाताईंचं कोंबडीच्या पिल्लांचं उबवणी केंद्र आहे. मी त्या भागातली वीज कंपनीची सहाय्यक अभियंता. डिसेंबरातली गार सकाळ, आणि नेमकी त्याच दिवशी पिल्लं बाहेर यायला लागलेली. ऊब गेली तर ती कवचातच मरणार. जनरेटर बिघडलेला, मिस्त्री अकोल्याहून यायचा.

इकडे पूर्ण फीडर ट्रिप झाला होता. फीडर म्हणजे सबस्टेशनातून गावांकडे जाणारी मुख्य लाइन. बिघाड झाला की ती आपोआप बंद होते. बिघाड कुठे आहे ते मात्र सांगत नाही. पूर्वी आम्ही एकेक खांब पाहत पायी हिंडायचो. यंदा तारांवर फॉल्ट इंडिकेटर लावले होते. मुठीएवढी वस्तू. बिघाडाचा जबर करंट तिथून गेला की तिचा लाल दिवा लुकलुकतो. शेवटचा लुकलुकणारा दिवा गाठायचा. बिघाड त्याच्या पुढे.

मोटारसायकलवर निघालो. पहिला दिवा लुकलुकत होता, दुसराही. मग फाटा आला. इथून लाइनचा एक भाग शोभाताईंच्या गावाकडे जातो, दुसरा टेकडीमागच्या नाल्याकडे. दोन्हींवर इंडिकेटर होते, पण ऊन थेट डोळ्यांत. काही दिसेना.

गजाननभाऊंनी आपला दुपट्टा माझ्या डोक्यावर ताणून धरला. मी मोबाइलचा कॅमेरा झूम केला. नाल्याकडचा दिवा लाल, लुकलुकणारा. गावाकडचा बराच वेळ पाहिला. शांत.

"शांत हाय का बिघडेल हाय, मॅडम?" गजाननभाऊंनी विचारलं.

शंका रास्त होती. तेवढ्यात अकोल्याहून साहेबांचा फोन.

"सापडला का फॉल्ट?"

"नाही सर. कुठे नाही, ते सापडलं."

"म्हणजे काय?"

"नाल्याकडची लाइन वेगळी करते. बाकीची चालू करू."

"आणि पुन्हा ट्रिप झाली तर?"

"तर पायी हिंडते, सर."

साहेब हसले. "कर."

गजाननभाऊंनी खांबावरचा स्विच उघडून नाल्याकडची लाइन तोडली. मी सबस्टेशनला बाकीची लाइन चार्ज करायला, म्हणजे तिच्यात वीज सोडायला सांगितलं आणि फोन कानाला तसाच दाबून धरला. मग ऑपरेटर ओरडलाच, "मॅडम, टिकली!"

मी रस्त्यावरच उडी मारली. गजाननभाऊंनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

नाल्याकडचा बिघाड दुपारी सापडला. लाइन अर्थ करून, म्हणजे सुरक्षेसाठी जमिनीला जोडून, गजाननभाऊ वर चढले, तेव्हा तार पेलणाऱ्या एका चिनी मातीच्या इन्सुलेटरला बारीक भेग दिसली. खालून तो अगदी धडधाकट वाटत होता. तो बदलला आणि तिकडचीही गावं उजळली.

परतताना शोभाताईंकडे गेलो. लाइन येईपर्यंत त्यांनी आजूबाजूच्या घरांतल्या गोधड्या आणून उबवणीच्या मशीनवर टाकल्या होत्या. आता ट्रे भरून नुसता चिवचिवाट चालला होता. त्यांनी एक ओलसर पिल्लू माझ्या तळहातावर ठेवलं.

"काहून रडून राहिल्या, मॅडम?"

"रडत नाही. कचरा गेला डोळ्यात."

पिल्लाने लगेच माझ्या बाहीवर घाण केली आणि सगळे खो-खो हसले.

लाइन गेली की लोक विचारतात, फॉल्ट सापडला का? सापडेल तेव्हा सापडेल. जिथे तो नाही, तिथली वीज कशाला अडवून ठेवायची?