गुलाबी पट्ट्यांची शिडी

"चार वेळा हरलेल्या माणसाच्या घरी पाचव्या वेळी हमखास पाहुणे येतात," असं तो एकदा म्हणाला होता.

तेव्हा आमच्या स्नूकर क्लबात दर शनिवारी कुणा ना कुणाचा 'पाहुणे आलेत, येत नाही' असा निरोप येत होता. दोन टेबलं, त्यांवर खाली उतरलेले दिवे, हिरव्या कापडाबाहेर सगळा अंधार, आणि त्या अंधारात बसणारी माणसं एकेक करून कमी होत चाललेली. जिंकायचा तोच. बाकीचे बूट पुसून यायचे आणि हरून जायचे. एक टेबल काढून तिथे व्यायामाची यंत्रं टाकावीत, असं मालक बोलून दाखवू लागला होता.

तो धंद्याने कवळ्या बनवणारा. दंतवैद्याकडून माप आलं की मागच्या गल्लीतल्या खोलीत खिडकीशी बसून दात बसवायचा. क्लबात त्याला सगळे कवळीच म्हणत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. "पहिल्या दिवशी कवळी कुणालाच बसत नाही," तो म्हणायचा. "टोचते तिथे घासायची. परत घालायची. माणूस जेवताना तिला विसरला की समजायचं, बसली."

खेळही असाच बसवता येईल, याबद्दल त्याला जराही शंका नव्हती. त्याने भिंतीवर एक उभी फळी ठोकली, तिला वरपासून खालपर्यंत खिळे मारले आणि प्रत्येकाच्या नावाची एक पट्टी केली. कवळीची हिरडी ज्या गुलाबी मसाल्याची करतात, त्याचीच पट्टी. "आता आपण सगळे याच्या तोंडात," असं आमच्यातला एक विमा एजंट म्हणाला तेव्हा कितीतरी दिवसांनी त्या खोलीत हसू उमटलं.

नियम साधा होता. एक खिळा म्हणजे सात पॉइंट, काळ्या बॉलची किंमत. वरचा आणि खालचा खेळाडू यांच्यात जितक्या खिळ्यांचं अंतर, तितक्या पटीत सात पॉइंट खालच्याला आधीच मिळणार. जिंकला तो एक खिळा वर, हरला तो एक खिळा खाली.

पहिल्याच शनिवारी सगळं कोसळलं. कुणी पॉइंट घ्यायलाच तयार होईना. ज्याला सरळ बॉल जात नव्हता तोही म्हणे, "मला कशाला? त्याला द्या." सर्वांत जास्त बिनसलं ते कवळीच्या दादाचं.

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. एके काळी त्याचा हात इतका स्थिर होता की पट्टी न लावता सरळ रेघ मारायचा. आता तोच हात कपातला चहा बशीत सांडत होता. धाकट्याला क्यू, म्हणजे खेळायची काठी, धरायला शिकवला तो त्यानेच. धाकट्याची पट्टी सर्वांत वरच्या खिळ्यावर होती, दादाची पाच खिळे खाली.

"तू मला पस्तीस पॉइंट वाढणार?" दादा म्हणाला. "ताट घेऊन बसू का?"

"दादा, नियम सगळ्यांना सारखाच आहे रे."

"मग सगळ्यांना वाढ. माझं पोट भरलंय."

त्याने क्यू भिंतीला लावला आणि गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्याही पुढच्या शनिवारी कळलं, दादाकडे पाहुणे आलेत.

दादाकडे पाहुणे कोण येणार? वहिनी गेल्यापासून त्या घरात दुसरी खुर्चीसुद्धा कुणी ओढलेली नव्हती. हा क्लब सुटला असता तर दादाला दुसरं जायला ठिकाण नव्हतं. हे धाकट्याला ठाऊक होतं, आणि फळीचा सगळा खटाटोप मुळात त्याचसाठी होता. तो कधी तसं बोलला नाही. फक्त टोचतंय कुठे ते शोधत राहिला.

ते सापडलं तेव्हा तो दादाच्या दारात जाऊन उभा राहिला. मीही बरोबर होतो.

"तुला काही देत नाही," तो म्हणाला. "तू शून्यावरच सुरू कर. मी वजा पस्तीसवर."

दादाने दार पूर्ण उघडलं. "म्हणजे खड्ड्यात तू?"

"खड्ड्यात मी."

"मग येतो," दादा म्हणाला. "पण मुद्दाम हरलास, तर पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. लक्षात ठेव."

हिशेब तोच होता, एका पॉइंटाचाही फरक नाही. पण आता कुणी घेत नव्हतं, वरचाच खाली उतरत होता. आणि वरचे तर छाती फुगवून उतरायचे. "आज मी वजा बेचाळीस," असं सांगताना माणसाची मान ताठ व्हायची. पाहुणे येणं थांबलं. मालक यंत्रांचं बोलेनासा झाला.

मध्ये एकदा विमा एजंटाने एका बँक मॅनेजरला जिंकू दिलं. कशासाठी ते सगळ्यांना दिसत होतं. मॅनेजर खुशीत फळीपाशी गेला, तेव्हा कवळी म्हणाला, "हात लावू नका साहेब. पट्टी खऱ्या डावालाच हलते." मॅनेजर लाल झाला. एजंट त्याहून लाल.

मग तो शनिवार आला. दोघे भाऊ समोरासमोर, खोली भरलेली. धाकटा वजा पस्तीसवरून निघाला आणि कुठेही हात आखडला नाही. दादासाठी पांढरा बॉल तो इतर बॉलांच्या मागे असा अडकवून ठेवत होता की बघणाऱ्यांना वाईट वाटावं. दादाचा हात कापायचा, तो थांबायचा, श्वास सोडायचा आणि कापण्याच्या दोन लहरींमधल्या जागेत क्यू ढकलायचा. तसा खेळताना मी दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही.

शेवटी टेबलावर एकटा काळा उरला. धाकटा तीन पॉइंट पुढे. पाळी त्याची, बॉल सोपा. त्याने मारला. काळा पॉकेटच्या तोंडाशी आपटला, थरथरला आणि तिथेच थांबला. पाळी दादाची. त्याने तो आत घातला.

टाळ्या पडल्या, पण दादा हसला नाही. "सोडलास?" त्याने विचारलं. "खरं सांग धाकट्या. सोडलास ना?"

धाकट्याने क्यूच्या टोकाकडे पाहिलं, तिथला खडू अंगठ्याने पुसला. चेहरा दात ठणकणाऱ्या माणसासारखा झाला होता. मग तो फळीपाशी गेला. दादाची पट्टी काढून एक खिळा वर अडकवली. स्वतःची एक खिळा खाली.

पट्टी खऱ्या डावालाच हलते, हे दादालाही ठाऊक होतं. त्याने बोटाने दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. "एकवीसच?" तो ओरडला. "अरे, पुढच्या वेळी तू फक्त वजा एकवीस? चौदा पॉइंट कापले माझे! बघताय ना सगळे? सख्ख्या भावाचे कापले!" आणि एवढा मोठा हसला की दिव्याखालचा खडूचा धुरळा हलल्यासारखा वाटला.

धाकट्याने क्यू खोक्यात ठेवला, कोट खांद्यावर टाकला आणि दार आपटून बाहेर पडला.