मागच्या चार ओळी

धाकट्यांचे केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी सगळी गल्ली त्यांना धाकटेच म्हणे. म्हणणारच. दोघांतला थोरला भाऊ अजून खणखणीत होता ना! आईबापांच्या मागे ह्या थोरल्यानं, म्हणजे दादानं, त्यांना लहानाचं मोठं केलं. धाकट्यांनी जन्मभर शिलाई मशीनं दुरुस्त केली, मग दुकान लेकीच्या हाती देऊन एक पुस्तक लिहिलं आणि पदरमोड करून छापायला टाकलं. एवढा खटाटोप एका माणसासाठी. दादाला तोंडावर जे कधी बोलता आलं नाही, ते त्यात होतं.

पण दादा वाचणार कसा? त्याचं सगळं वाचन पाठीमागचं. साबणाची वडी असो की औषधाचं खोकं, हातात आलं की उलटं करायचं, मागचं वाचायचं आणि ठेवून द्यायचं. पुस्तकाचं कानावर गेलं तेव्हा म्हणाला, "आता काय स्क्रूड्रायव्हरनं लिहिणार?"

त्यात छापखानेवाला म्हणाला, "काका, मागचं कव्हर कोरं आहे. चार ओळी द्या. लोक आधी तेच बघतात."

धाकट्यांनी मनात हिशेब केला. म्हणजे दादाला गाठायला चारच ओळी!

घरी येऊन त्यांनी लिहिलं, 'अथक परिश्रम करून कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेले थोर कारागीर...'

बायको शर्टाला बटण लावत होती. ऐकून म्हणाली, "हे कोण गृहस्थ? आपल्याकडे कधी चहाला आलेले दिसत नाहीत."

तो कागद चुरगळला. मग त्यांनी मन घट्ट करून खरं लिहिलं. लहानपण, दादाचे कष्ट, त्याचे उपकार, सगळं. ते बायकोला वाचून दाखवलं. तिनं डोळ्यांना पदर लावला, पण मान हलवली.

"अहो, सगळं पाठीवरच वाढलंत, तर आतलं पातेलं उघडणार कोण? भावजी इथेच वाचतील, 'बरं' म्हणतील आणि पुस्तक फळीवर टाकतील. झाकण जरासंच उचलायचं असतं. वास सुटला की माणूस आपण होऊन येतो."

"दादा कसल्या वासाला येणार?"

"भांडणाच्या!" ती दातानं दोरा तोडत म्हणाली. "जन्म गेला, तुम्हाला अजून भाऊ कळला नाही."

धाकटे हसत सुटले. आणि मग त्यांना दादाशी वर्षानुवर्षं चालत आलेलं एक जुनं भांडण आठवलं.

पुस्तक छापून आलं. पहिली प्रत घेऊन ते दादाकडे गेले. दादानं ती हातात घेतली आणि सवयीनं उलटी केली. मागे लिहिलं होतं:

'आईचं बंद पडलेलं मशीन धाकट्यानं एकट्यानं दुरुस्त केलं, असं दादा आजवर सगळ्यांना सांगत आला. ते साफ खोटं आहे. खरं काय झालं ते आत वाचा.'

दादाचे कान लाल झाले. "मी खोटारडा? ह्या वयात? कुठे लिहिलंयस?"

"आत."

"आत म्हणजे कुठल्या पानावर?"

"ते मागे दिलेलं नाही."

दादानं करवादत चष्मा चढवला. पानं उलटता उलटता एका पानावर थांबला. त्या पानावर होतं, की मशीन दादानंच खोललं, दादानंच जुळवलं. धाकट्याचं नाव पुढे केलं ते मशीन दुरुस्तीच्या दुकानदारानं त्याला कामावर घ्यावं म्हणून. आणि मग दादा स्वतः शाळा सोडून ओझी उचलायला गेला.

दादानं ते पान पुन्हा एकदा वाचलं. मग घसा खाकरला. "बॉबिनजवळ अडकलेला दोरा तूच काढलास."

"माझं नुसतं बोट होतं. हात तू धरला होतास."

"पण बोट तुझंच ना?" दादा ओरडला. आवाज मात्र फाटला. चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवत तो म्हणाला, "तू जा घरी. ह्यात आणखी बरंच खोटं असणार. मला पहिल्यापासून बघायला हवं."