डोमाचा जोड

तुमसरच्या एखाद्या राइस मिलचा शाफ्ट तुटला की मालक म्हणायचा, "डोमाकडूनच जोडून आणा." पुंडलिकरावांच्या वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्या डोमाला हे ऐकायची सवयच लागली होती.

मागच्या वर्षी पुंडलिकरावांनी घर्षण वेल्डिंगचं मशीन आणलं. त्याला ना वेल्डिंगचा रॉड लागायचा, ना ठिणग्या उडायच्या. एक तुकडा गरगर फिरायचा, दुसरा त्याच्यावर दाबला जायचा. घासून दोन्ही तोंडं लाल झाली की फिरणं थांबवून जोराचा दाब द्यायचा, लोखंड एकजीव! मशीन चालवायला साकोलीत आयटीआय केलेली दिघोरीची भावना आली. महिन्याभरात मिलवाले विचारू लागले, "भावना आहे का?"

डोमा तिच्याकडे पाठ करून डबा खाऊ लागला. एका दुपारी वर्कशॉपमध्ये कोणी नाही असं पाहून त्याने तिने जोडलेला एक लोखंडी रॉड शिकंज्यात धरला आणि घणाने बडवला. रॉड वाकला, पण जोड उघडला नाही. त्याने तो भंगारात पुरून टाकला.

घरी बायको मालनबाई म्हणाली, "लेकीच्या वयाच्या पोरीवर काहून जळता?"

"मी कायले जळू?" म्हणत तो ताटावरून उठला.

मग एका सोमवारी त्याला भावनाच्या रॉडवर गोल ओरखडे दिसले. दाबून धरलेला रॉड मशीनच्या पकडीतच थोडा फिरत होता. पकडीचे दात झिजले होते. म्हणजे घर्षण कमी, जोड कच्चा. डोमाला हे एका नजरेत कळलं. तो आपल्या कामाकडे वळला.

बुधवारी तपासणीत सात शाफ्ट जोडावरच तुटले. पुंडलिकराव सगळ्यांसमोर भावनावर ओरडले. डोमाला आतून गार वाटलं. भावना मात्र रडली नाही. तुटलेले तुकडे उचलून थेट त्याच्याकडे आली.

"काका, मी मशीनचे सगळे आकडे पाहिले, बरोबर हायेत. तुमाले काई दिसते का?"

तिच्या हातातल्या तुकड्यांवर तेच ओरखडे होते. डोमाने एक तुकडा घेऊन फिरवून पाहिला.

"पकड सरकून राहिली. दात घासले," तो म्हणाला. आणि मग, का कोण जाणे, पुढचंही बोलून गेला, "मले सोमवारीच दिसलं होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुले शिव्या पडाव्या म्हून."

भावना तुकडे घेऊन निघून गेली. पकड बदलल्यावर जोड पुन्हा पक्के येऊ लागले. डोमाने पुंडलिकरावांनाही सगळं सांगितलं, त्यांची बोलणी खाल्ली. पंधरा दिवस भावना त्याच्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिने नवा लावलेला रॉड दाखवत, त्याच्याकडे न बघताच विचारलं, "पकड पाहून देता का?"

डोमाने बोटाने दात चाचपले. मिलवाले अजूनही तिलाच विचारत आले की त्याला ते खुपतं. पण तिचं काम तो रोज तपासून देतो.