कोठीमागचा पाच मीटर उजेड

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे यजमानांच्या थोरल्या भावाशी, चौतीस वर्षांत मी एकही वाक्य थेट बोलले नव्हते. यामागे भांडण नव्हते. ती आमच्या घरची रीत होती. धाकट्या सुनेने भासऱ्यांसमोर पदर सावरून उभे राहावे आणि काही सांगायचेच असेल तर ते जाऊबाईंना सांगावे. जाऊबाई माझ्या शेजारीच असत, भासरे चार हातांवर खुर्चीत असत, माझे शब्द त्यांना स्वच्छ ऐकू जात. तरीही जाऊबाईंच्या तोंडून ते पुन्हा येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. त्यांचे उत्तरही जाऊबाईंनाच उद्देशून असे.

ही रीत मला फारशी जाचली नाही, हे मान्य केले पाहिजे. मुळात मी बोलण्यास भिणारी. विज्ञानाची पदवी घेऊन मी एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून नोकरी केली, आणि तेथेही बोलण्याचे काम दुसऱ्यांचे होते. मी उपकरणे मांडायची, तारा जोडायची आणि प्राध्यापक आले की भिंतीकडे सरकायची.

निवृत्तीनंतर मला लिहावेसे वाटू लागले. काय लिहावे हे ठाऊक नव्हते. कोठे बसून लिहावे हा प्रश्न त्याहून आधीचा होता. गोंदियाजवळच्या मुर्री गावातील आमच्या घरात प्रत्येक खोलीला कोणी ना कोणी मालक आहे. उरली होती धानाच्या कोठीची खोली. त्या छतापर्यंतच्या कोठीमागे एक टेबल आणि एक खुर्ची मावेल एवढी जागा होती. दुपारी बारा ते चार घर झोपते, तेव्हा ती जागा माझी. मात्र धानाला ओल लागू नये म्हणून त्या खोलीला खिडकी ठेवलेली नाही, आणि छताचा एकुलता एक बल्ब कोठीच्या पलीकडे आहे. माझ्या बाजूला केवळ कोठीची सावली पडे.

म्हणून दिवाळी आटोपल्यावर मी गोंदियाच्या बाजारातून एलईडीची पट्टी आणली. पाच मीटरचे ते वेटोळे हातात घेऊन मी वीज किती लागेल असे विचारले, तेव्हा दुकानदार हसला. "मॅडम, ये बिजली खाता नहीं, सिर्फ सूंघता है." मी वेष्टनावरचा आकडा वाचला: संपूर्ण पट्टीला चोवीस वॉट. घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर मांडणी केली. रोज चार तास, महिन्याचे तीस दिवस. सुमारे तीन युनिट. युनिटामागे दहा रुपये धरले तरी तीस रुपये. माझ्या लेखनाचे ते पहिले पान.

पट्टी मी स्वतः चिकटवली, टेबलाच्या वर, भिंतीच्या कोपऱ्यातून वळवून, कोठीच्या काठापर्यंत. पुढील तीन आठवडे मी त्या उजेडात बसले. त्यांविषयी अधिक लिहीत नाही. ज्याला उशिरा का होईना स्वतःची जागा मिळाली आहे, त्याला ते कळेल.

याच दिवसांत गावची मंडई, म्हणजे जत्रा, आली. आमच्याकडे दिवाळीपाठोपाठ गावोगावी मंडई भरते, नाटक होते, आणि पै-पाहुणा येऊन दिवसचे दिवस राहतो. यंदा नवेगाव बांधहून जाऊबाईंच्या माहेरची सारी मंडळी आली आणि सहा दिवस राहिली. थंडी पडू लागली होती. पाहुण्यांना आंघोळीला चुलीच्या धुराचे पाणी द्यायचे नाही, म्हणून भासऱ्यांनी हौसेने पाणी तापवायचा रॉड आणला. मागच्या अंगणात मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तो पहाटे सोडला जाई, आणि कोणी ना कोणी पाणी काढून गंज पुन्हा भरत राही. दुपारच्या जेवणाची पाने मांडेपर्यंत रॉड पाण्यातच असे. भासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "गरम पाण्याची कमी नाही आपल्या घरी."

पाहुणे गेले. बिल आले. मागच्या महिन्यापेक्षा पासष्ट युनिट अधिक.

घरात नवीन काय आले, याचा विचार करायला कोणाला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कोठीमागे गेले तर काळोख. पट्टी उपटून, गुंडाळून भासऱ्यांच्या खोलीतील कपाटावर ठेवली होती. भिंतीवर तिच्या डिंकाची रेघ तेवढी राहिली होती.

"भर दुपारी दिवे लावून बसते. कायले?" भासरे बैठकीतून जाऊबाईंना म्हणाले, मला ऐकू जाईल अशा बेताने. "सूर्य दिसत नाही का तिले? सांगा, हे घर होय, लग्नाचा मांडव नाही."

संध्याकाळी यजमान मला म्हणाले, "कायले वाढवतं? महिन्याचे तीस रुपये मी देऊन टाकतो दादाले. पट्टी परत घेऊ."

"नको," मी म्हणाले.

"तीसच रुपये आहेत वो."

"म्हणूनच नको. आज पैसे दिले तर मी त्या खोलीत भाड्याने बसल्यासारखी होईन."

मलाच माझ्या आवाजाचे नवल वाटले.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर मी वही घेऊन बैठकीच्या दारात उभी राहिले. भासरे खुर्चीत सुपारी कातरत होते. रीतीप्रमाणे मी जाऊबाईंकडे तोंड केले.

"बाई, त्यांना सांगा, पट्टी चोवीस वॉटची आहे. महिन्याला तीन युनिट होतात. वाढ पासष्ट युनिटांची आहे. बाकीचे बासष्ट कोठून आले, ते मी मोजून दाखवते."

जाऊबाई मनाने फार चांगल्या. घरात शब्दाने शब्द वाढू नये म्हणून त्या निरोपातील टोक नेहमी काढून टाकत. त्या भासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "ती म्हणून राहिली, चुकलं तिचं. पण पट्टी जास्त जळत नाही म्हणते."

चौतीस वर्षे माझे प्रत्येक वाक्य त्या खुर्चीपर्यंत असेच पोहोचत आले होते, पुढे एक "चुकलं" लावून. मला ते ठाऊक होते. त्या दिवशी मात्र माझ्या हातात वही होती आणि वहीत तो शब्द कोठेही नव्हता.

मी भासऱ्यांकडे वळले. त्यांना हाक कोणती मारावी, हेही मला माहीत नव्हते. म्हणून हाक न मारताच बोलले.

"मी चुकलं असं म्हटलेलं नाही."

अडकित्ता थांबला. जाऊबाई पुटपुटल्या, "अवो बाई, थेट?"

"बाहेर मीटरपाशी या," मी म्हणाले. "पाच मिनिटं लागतील. मग पट्टी कुठे ठेवायची ते ठरवू."

ते आले. रागाने आले की कुतूहलाने, हे मी सांगू शकत नाही. मी पुढे चालत होते. मीटर आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत आहे. फ्रिज, इन्व्हर्टर, देवघरातला दिवा, सारे मी आधीच बंद केले होते. "ही लाल बत्ती," मी बोट दाखवले. "ती बत्तीसशे वेळा लुकलुकली की एक युनिट होतं. मीटरवरच छापलं आहे." मग मी त्यांच्या खोलीत गेले, स्टूल ओढले, कपाटावरून पट्टी उतरवली आणि सपरीतल्या प्लगला लावली. पाच मीटर उजेड फरशीवर सांडला.

"मोजा," मी म्हणाले. मी त्यांना आज्ञा केली हे नंतर लक्षात आले.

बत्ती एकदा लुकलुकली, आणि भासरे घड्याळाकडे पाहून सेकंद मोजू लागले. दहा. वीस. "बंद पडलं का काय जी मीटर?" जाऊबाईंनी विचारले. तीस. चाळीस. सत्तेचाळीसला लाल ठिपका पुन्हा उमटला.

"आता रॉड," मी म्हणाले. मागून पाण्याने भरलेली बादली आणि रॉड मीच आणला. पट्टी काढली, रॉड सोडला, बटण दाबले. भासऱ्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली, पण या वेळी सेकंद मोजणे शक्य नव्हते. ठिपका सेकंदाहून घाईने लुकलुकत होता. पंचविसापर्यंत त्यांनी मोजले, मग त्यांचे ओठ थांबले.

"पाहुण्यांच्या पाण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," मी म्हणाले. "पाहुण्यांना गरम पाणी मिळालंच पाहिजे. पण दीड हजार वॉटचा हा रॉड दोन तास चालला की माझ्या पट्टीचा महिना होतो. तो सहा दिवस अर्धा-अर्धा दिवस चालला."

भासऱ्यांनी वाकून रॉडचे बटण बंद केले. जाऊबाई मध्ये पडल्या, आधी माझ्याकडे, मग भासऱ्यांकडे हात करत. "अवो, मग अर्धी कापून लाव ना पट्टी. तुलेही झालं, यायलेही झालं."

तडजोड रास्त होती. लिहिण्यापुरते टेबलावर दोन मीटर पुरले असते, हे मलाही दिसत होते. "नाही," मी म्हणाले. "पाचच्या पाच लावणार."

आणि लावली. जुना डिंक धरेना, म्हणून चिकटपट्टीने लावली; वेडीवाकडी दिसते.

चार-पाच दिवसांनी दुपारी कोठीपलीकडे खाकरल्याचा आवाज आला. सुनेच्या खोलीत येण्यापूर्वी भासरे खाकरतात, तीही रीतच. मी पदर सावरला नाही; हातात पेन होते. जाऊबाई झोपल्या होत्या. ते कोठीच्या काठाशी क्षणभर घुटमळले, मध्यस्थ शोधल्यासारखे. मग त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिले.

"आंगणातली पाण्याची मोटर," ते म्हणाले, "ते बी मोजून पाहाची होती. येता का?"

मी वहीकडे पाहिले. वाक्य अर्धे राहिले होते.

"पान पुरं झालं की येते," मी म्हणाले. "बसा."

ते धानाच्या पोत्यावर बसले. पट्टीचा उजेड त्यांच्या पायांपर्यंत जात होता. मी ते पान घाईने संपवले नाही.